‘निश’ला मराठीत काय म्हणावे : परिसर, वाफा की कोनाडा?

प्रश्न : मी नाशिकमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मेंदूतील मूलपेशींविषयी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून इतर प्रकारच्या पेशी तयार होतात त्या पेशी) टिपण लिहिताना ‘निश’ या संज्ञेपाशी अडले आहे. मूलपेशीला वेढून असलेल्या आणि तिचे पुढे काय होणार हे पुष्कळ अंशी ठरवणाऱ्या जागेला हे नाव आहे. ‘पर्यावरण’ लिहिले की विद्यार्थ्यांना झाडे आणि प्रदूषण आठवते, ‘परिसर’ लिहिले की महाविद्यालयाचे आवार. जाणकारांनी कृपया शब्द सुचवावा.

उत्तर : मॅडम, ‘कोनाडा’ वापरावा असे मी आग्रहाने सुचवतो. फ्रेंचमध्येही ‘निश’ म्हणजे भिंतीतील कोनाडाच, आणि पंचवटीतील जुन्या वाड्यात दिव्याचा कोनाडा ज्याने पाहिला आहे त्याला तो वेगळा समजवावा लागणार नाही. रे स्कोफिल्ड यांनी १९७८ मध्ये रक्त घडवणाऱ्या मूलपेशींविषयी ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की मूलपेशीपण हे तिच्या जागेने राखलेले असते आणि ती जागा सुटली की पेशी परिपक्व होण्याच्या वाटेला लागते.

प्रौढ उंदराच्या मेंदूत पार्श्व निलयांच्या, म्हणजे द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या, भिंतीलगत असा एक कोनाडा आहे. तेथील मूलपेशीचे एक टोक मेंदू-मेरुद्रवाला आणि दुसरे रक्तवाहिनीला टेकलेले असल्यामुळे दोन्हींकडील रासायनिक संकेत तिला मिळतात. शेजारच्या पेशी आणि प्राणवायूचे प्रमाण यांचाही परिणाम होतो, इतकेच नव्हे तर आधाराचा मऊपणाही तिला जाणवतो : मेंदूइतक्या मऊ जेलवर वाढवलेल्या मूलपेशींतून चेतापेशी अधिक निघतात, आणि जेल कठीण केले की कल ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, पेशींकडे वळतो.

प्रतिसाद : कोनाड्यात ठेवल्याने दिवा बदलत नाही, ही माझी अडचण आहे. आमच्या निफाडकडे कांद्याचे रोप गादीवाफ्यावर तयार करतात. मग ‘वाफा’ का नको?

उत्तर : शंका रास्त आहे, आणि जागा घडवते हा अर्थ ‘वाफ्या’त अधिक उतरतो हेही मान्य. पण वाफा रोप वाढवण्यासाठीच असतो, तर या जागेचे मोठे काम मूलपेशीला निद्रिस्त राखण्याचे आहे. उन्हाळ कांदा हवेशीर चाळीत कोंब न येता महिनोन्‌महिने टिकतो आणि दमटपणा वाढला की त्याला कोंब फुटतात. त्याचप्रमाणे शेजारच्या पेशींकडून येणारा ‘नॉच’ संकेत तुटला की निद्रिस्त मूलपेशी जागी होऊन विभाजू लागते. राखणे आणि वाऱ्यापासून जपणे हा भाव ‘कोनाड्या’त आहे.

एक भेद मात्र टिपणात अवश्य पाळावा. १९९७ मध्ये मेंदूसंशोधक फ्रेड गेज यांच्या गटाने दाखवले की खेळणी आणि बोगदे असलेल्या मोठ्या पिंजऱ्यातील उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) नव्या चेतापेशी अधिक संख्येने टिकतात. तो प्राण्याचा ‘भोवताल’ झाला, पेशीचा कोनाडा नव्हे.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. पहिल्या उल्लेखात ‘मूलपेशीचा कोनाडा, म्हणजे निश’ असे लिहीन आणि पुढे सर्वत्र ‘कोनाडा’, ‘कोनाड्यातील पेशी’ अशी रूपे वापरीन.