कोरोनाकाळातले संगीत वर्ग: हॉलमध्ये की ऑनलाइनच?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यापासून हॉल पुन्हा मिळतोय. गायन, तबला, पेटी, तिन्ही वर्ग एकदमच सुरू करावेत असं कार्यकारिणीत ठरतंय. सगळ्यांना मास्क, सहा फुटांचं अंतर, दाराशी सॅनिटायझर. ताई, काका, तुम्हाला चालेल ना? बुकिंग करायचंय, लवकर कळवा.

– सचिव

*

नमस्कार,

मला नाही चालणार. म्हणजे हॉलला ना नाही, तिन्ही वर्गांना एकच नियम लावायला आहे.

मोकळ्या गळ्यानं गाताना तोंडातून जे बारीक कण निघतात ते सहा फुटांवर खाली पडत नाहीत, हवेत तरंगत राहतात आणि बंद खोलीत साचतात. आवाज जितका चढा, तितके कण जास्त. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात, एका समूहगायनाच्या गटाची अडीच तास तालीम झाली. हजर ६१ जण, त्यांतल्या एकाला सर्दीसारखं काहीतरी. पुढे आणखी ५२ जण आजारी पडले, दोघं गेले. दाराशी सॅनिटायझर तिथंही होतं.

तेव्हा गाणं ऑनलाइनच ठेवू या. अर्थात तेही नुसता कॅमेरा लावून होत नाही. पहिल्या आठवड्यात मुलांना माझा तानपुरा ऐकूच जाईना! सतत चालणारा आवाज म्हणजे पंखाबिंखा असेल असं समजून ॲप तो पुसून टाकतं. मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, शेवटही तसाच खातं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर बरंच सुधारलं. तरी आता तानपुरा प्रत्येकानं आपापल्या खोलीतच लावायचा, असं मी ठरवून टाकलंय. हेडफोन वायरचे घ्या, ब्लूटूथमध्ये आवाज आणखी मागे पडतो.

आणि एकत्र गायचं नाही. आवाज पोचायला-परतायला जो वेळ लागतो त्यात कुणाची सम (तालाची पहिली मात्रा) कुणाला सापडत नाही. मी गाते, थांबते, मग एकजण गातो. बाकीचे माईक बंद ठेवून त्याच्याबरोबर म्हणतात. यात एक फायदा निघाला: हॉलमध्ये पंधरा गळ्यांत लपून बसणारे आता सापडतात. (दोन पालकांना हे आवडलेलं नाही, ते असो.)

– गायन वर्गाची ताई

*

ताई म्हणतात ते गाण्यापुरतं पटलं. माझं उलट आहे. लॅपटॉपच्या स्पीकरमधून डाव्या हाताचा डग्गा येतच नाही, ‘धा’ काय नि ‘ना’ काय, सारखेच. पोरगं डाव्या हातानं काय करतंय ते मी तीन महिने अंदाजानं ओळखतोय. तबला मला समोरच हवा.

एका वेळी चारच मुलं, मास्क, खिडक्या सताड उघड्या, चाळीस मिनिटं. मोठ्यानं पढंत करायची (बोल तोंडानं म्हणायचे) नाही, ती घरून ऑनलाइन. पेटीवाल्यांनाही हेच: वाजवा, गाऊ नका.

तबला-डग्ग्याची जोडी ज्याची त्यानं आणायची. आणि हात जोडून विनंती, पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, सॅनिटायझर मारू नका! एका जोडीची शाई (मधला काळा गोल) परवा भिजलेली पाहिली, जीव तुटला. हात साबणानं धुवा, कोरडे करा, मग बसा.

– तबलेवाले काका

*

काका, एक अडचण आहे. हॉलच्या खिडक्या पक्क्या बंद आहेत, उघडायची सोयच नाही. आज जाऊन बघून आलो. मागच्या बाजूला छप्पर असलेली मोकळी जागा आहे, तिन्ही बाजूंनी उघडी. चालेल?

– सचिव

*

पळेल. दमट हवेत पुडीचा सूर उतरतो, तो चढवायला मी हातोडी घेऊन येतो. हॉलचं बुकिंग रद्द करा.

– काका