जिप्सीला टर्बो बसवायचाय, बजेट ८० हजार – मदत हवी आहे

सातपुडा_जिप्सी:
इंजिन उतरवून धुळ्याला फिटरकडे ठेवलंय. भंगारात स्विफ्ट डिझेलचा टर्बो स्वस्तात मिळतोय. कंपनीचे पिस्टन चालतील का जास्त मजबूत, फोर्ज्डच लागतील? लवकर सांगा, फिटर रोज फोन करून राहिला.

भुसावळ_गॅरेज:
पेट्रोल कार्ब्युरेटरने जातं की एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने? बूस्ट, म्हणजे टर्बोने हवा दाबायचा जोर, किती ठेवणार? काहीच नाही सांगितलं भो.

रावेर_केळीवाला:
जिप्सी विका, बोलेरो घ्या. टर्बो कंपनीतूनच येतो. आमची भरलेली गाडी कन्नड घाट आरामात चढते.

सातपुडा_जिप्सी:
विकायची नाही! वडिलांची गाडी आहे. तोरणमाळ चढताना दम लागतो, म्हणून टर्बो. एमपीएफआय, १३०० सीसी. बूस्ट ५-६ पीएसआय.

नंदुरबार४बाय४:
घे तोच टर्बो. मित्राच्या पेट्रोल गाडीत डिझेलचाच आहे, मस्त पळते.

भुसावळ_गॅरेज:
किती दिवस पळणार? पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा बराच गरम, ९०० अंशांच्या वर जातो. ९० पीएसवाल्या मल्टिजेट डिझेल इंजिनाचा टर्बो तर व्हेरिएबल, म्हणजे हलणाऱ्या पात्यांचा आहे, ती पाती त्या उष्णतेला बनवलेली नाहीत. लहान पेट्रोल इंजिनाचाच टर्बो शोध.
एवढ्या बूस्टला कंपनीचे पिस्टन टिकतात, पण नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकलं, की रिंगांमधली पट्टी तुटते. म्हणून आधी पैसा ट्यूनिंगवर घाल: मोठे इंजेक्टर, इग्निशन मागे घेता येईल, म्हणजे ठिणगी उशिरा पाडता येईल असा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर सोडू नकोस, आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतात. टर्बोचा तेल परतीचा पाइप जाड आणि उताराचा ठेव, चेंबरमध्ये (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) तेलाच्या पातळीच्या वर जोड. नाहीतर तेल तुंबतं, सील गळतात.

चाळीसगावकर:
आणि आरटीओ? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल चालत नाही. विम्याचा क्लेमही अडकेल.

नंदुरबार४बाय४:
त्याने कायदा विचारला का? पिस्टन विचारलाय.

चाळीसगावकर:
घाटात काही झालं तर विचारेल.

रावेर_केळीवाला:
बोलेरोत उन्हाळ्यात कोणतं ऑइल टाकता हो?

सातपुडा_जिप्सी:
ऑइलचं दुसरीकडे विचारा ना काका. गॅरेजवाले भाऊ, ईसीयू धरून ८० हजारांत बसेल का?

भुसावळ_गॅरेज:
बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली बाजू, घासलेला निघाला तर नाही बसणार. रिबोअर, ओव्हरसाइज पिस्टन, बेअरिंग यातच बराच पैसा जाईल. मग यंदा इंजिन नीट भर, टर्बो पुढच्या वर्षी. फिटरला सांग, चारही सिलिंडर वर, मध्ये, खाली मोजून दे. मापं इथे टाक, मग पिस्टनचं सांगतो.