मदत हवी आहे: बाबांचा सीआरपी एका दिवसात ९ वरून ८८, डी-डायमर दुप्पट. काय समजायचं?

रानजाई
बाबा सांगलीला ॲडमिट आहेत, स्वाइन फ्लू पॉझिटिव्ह. मी मस्कतला, तिकीट परवाचं मिळतंय. धाकटा भाऊ व्हॉट्सॲपवर रिपोर्ट टाकतोय. काल विट्याला रक्त तपासलं तेव्हा सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) ९.६, डी-डायमर (रक्तातल्या गुठळ्यांची खूण) ६१०. आज सांगलीत सीआरपी ८८, डी-डायमर ११८०. डॉक्टर राउंडला येतात आणि "४८ तास महत्त्वाचे" म्हणून पुढच्या बेडकडे जातात. या आकड्यांवरून पुढचं कळतं ना? कुणीतरी स्पष्ट सांगा, लगेच हवंय.

सह्यकडा
वय? शुगर, बीपी? ताप कधीपासून? ऑक्सिजन किती? यातलं काहीच लिहिलं नाही तर कोण काय सांगणार?

कृष्णाकाठ
आधी एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, करून घ्या. २०२१ मध्ये कोविडात माझ्या मेव्हण्यांचा फुप्फुसं किती बिघडलीत त्याचा स्कोअर २५ पैकी १७ आला, म्हणून वेळेत आयसीयूचा बेड शोधता आला. रक्ताचे आकडे रोज बदलतात, छातीत काय चाललंय ते बघा.

रानजाई
वय ७१. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. ऑक्सिजन ठीक आहे म्हणतो भाऊ. पण माझा प्रश्न रिपोर्टचा आहे. सीआरपी नऊपट वाढलाय!

स्टेथो_मिरज
मी फिजिशियन आहे. पेशंट न बघता भाकीत करणार नाही, पण आधी दोन्ही रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात छापलेलं युनिट वाचून इथे टाका. "ठीक" म्हणजे किती? ऑक्सिजन लावून की न लावता? श्वास मिनिटाला किती? टॅमीफ्लू (फ्लूच्या विषाणूवरची गोळी) कधी सुरू झाली? क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हेही हवं.

डेक्कनकर
वाचून २००९ चा ऑगस्ट आठवला. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला होता. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी ही गर्दी, शाळा बंद, तोंडाला रुमाल बांधून सगळे रांगेत. तेव्हा डी-डायमर हा शब्दही आमच्या कानावर नव्हता.

अभय_का
डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करायला सांगा. आमच्या सोसायटीतले तीन जण त्यावरच उठले. डॉक्टर आपणहून देत नसतील तर मागे लागा.

स्टेथो_मिरज
अभय, ते कोविडला. २०२० च्या 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. फ्लूमध्ये तर स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही, शिवाय यांना शुगर आहे. नातेवाइकांनी स्टेरॉइडसाठी डॉक्टरांच्या मागे लागू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अभय_का
डॉक्टर लोक चाचण्यांचं सांगतात, आम्ही डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

रानजाई
भावाकडून मागवलं. विटा: सीआरपी एमजी/डीएल, डी-डायमर एनजी/एमएल डीडीयू. सांगली: सीआरपी एमजी/एल, डी-डायमर एनजी/एमएल एफईयू. क्रिएटिनिन १.९. पांढऱ्या पेशी ४१००, लिम्फोसाइट ११ टक्के. ताप रविवारपासून, टॅमीफ्लू काल संध्याकाळपासून. श्वास कुणी मोजला नाही.

स्टेथो_मिरज
मग सीआरपी वाढलेला नाही. एक डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग. विट्याचा ९.६ म्हणजे सांगलीच्या युनिटमध्ये ९६. आज ८८. डी-डायमरचंही तेच. डीडीयू आणि एफईयू ही ते मोजायची दोन वेगळी एककं, डीडीयूचा आकडा एफईयूच्या साधारण निम्मा येतो, म्हणजे कालचे ६१० आजच्या भाषेत बाराशेच्या आसपास. मशीन वेगळं असल्याने तंतोतंत तुलना होत नाही, पण दुप्पट झालं असं म्हणता येत नाही. वयाने आणि किडनीच्या त्रासानेही डी-डायमर वर असतो. यापुढे सगळं एकाच लॅबमधून करा.

लिम्फोसाइट, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र बघा. ४१०० चे ११ टक्के म्हणजे साडेचारशे, हजाराच्या बरेच खाली. ही खूण मला डी-डायमरपेक्षा जास्त खटकते. क्रिएटिनिन १.९ असताना टॅमीफ्लूचा डोस किडनीच्या हिशेबाने ठरतो. तो तसा ठरवलाय का एवढं विचारा, गोळी बंद करायला सांगू नका.

आता भावाला श्वास मोजायला सांगा. बाबांना न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, छाती वर येईल तो एक. सांगितलं की माणूस श्वास बदलतो.

गणितप्रेमी
पेशंटच्या जिवाला धोका किती हे काढायला तयार स्कोअर आहे. फोर-सी, ब्रिटनमधला, २०२० चा, २१ पैकी गुण. वय, लिंग, इतर आजार, श्वासाची गती, ऑक्सिजन, पेशंट शुद्धीवर आहे का, युरिया, सीआरपी. ७१ वर्षांचे पुरुष म्हणजे सातपासूनच सुरुवात.

स्टेथो_मिरज
तो कोविडच्या रुग्णांवर बेतलेला आहे, फ्लूला तसाच लावू नका. त्यातून शिकण्यासारखं एवढंच की आठपैकी रक्ताच्या तपासण्या फक्त दोन. बाकी सगळं खाटेजवळ उभं राहून कळतं.

कृष्णाकाठ
म्हणजे सीटी नकोच?

स्टेथो_मिरज
तिथल्या डॉक्टरांना गरज वाटली तर जरूर. पण ऑक्सिजनवरच्या पेशंटला स्कोअर कळावा म्हणून स्कॅनला हलवण्यात जोखीम आहे.

रानजाई
भावाने मोजला. श्वास ३०. ऑक्सिजन ९१, तोही मास्क लावून. सकाळी ९५ होता म्हणतो. म्हणजे काय?

स्टेथो_मिरज
म्हणजे सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. भावाला आत्ता ड्युटी डॉक्टरकडे पाठवा, हेच दोन आकडे सांगायचे आणि आयसीयूत हलवायचं का हे सरळ विचारायचं. सीआरपीचा विषय काढू नका, वेळ त्यात जाईल.

मनीषा_वाई
रानजाई, बाबा बरे होतील, प्रार्थना करतेय. भावालाही मास्क लावायला सांगा. घरात अजून कुणाला ताप आहे का? असेल तर त्यांनाही दाखवा, विशेषतः कुणी गरोदर असेल तर.

रानजाई
आयसीयूत हलवलं. नाकातून जास्त दाबाने ऑक्सिजन देणारं मशीन लावलंय. श्वास आता २६. डॉक्टर भावाशी नीट बोलले, टॅमीफ्लूचा डोस किडनी बघूनच दिलाय म्हणाले. वहिनीला सहावा महिना आहे, तिला कालपासून कणकण आहे. तिची आधी टेस्ट करायची का?

स्टेथो_मिरज
गरोदर बाई, घरात पॉझिटिव्ह पेशंट, त्यात ताप. स्वॅब द्या, पण रिपोर्टसाठी औषध अडवू नका. आज रात्रीच तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि टॅमीफ्लूचं विचारा. पहिल्या ४८ तासांत गोळी सुरू झाली तर फायदा जास्त.

अमोल_सोलापूर
कॅशलेस मेडिक्लेम असेल तर आयसीयूत हलवल्याचं टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) लगेच कळवा. रूम रेंटची मर्यादाही बघून घ्या.