जुने फोटो विद्यार्थ्यांच्या हाती: शिक्षण की अनुशेष उपसणं?

काचपट्टी

मागच्या आठवड्यात इथे एक लेख आला होता. त्याचा गाभा असा: जुन्या फोटोंच्या संग्रहांचा प्रश्न हा फक्त माणसांच्या टंचाईचा आहे. विद्यापीठांशी करार करा, विद्यार्थी आणा, दोन सुट्ट्यांत सगळा अनुशेष संपेल. खाली सगळ्यांनी वाहवा केली. मी तेव्हा गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

माझी सतरा वर्षं काचेच्या निगेटिव्हमध्ये गेली. एका संस्थेत असाच करार झाला होता. चार मुलं, सहा आठवडे. प्रशिक्षण दोन दिवसांचं, त्यातला अर्धा दिवस सत्कारात गेला. मुलं मन लावून काम करत होती, त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. त्यांना सांगितलं होतं की प्लेटेची फक्त काचेकडची बाजू पुसायची, पाणी-अल्कोहोलच्या ओलसर बोळ्याने. चित्राचा थर जिलेटीनचा असेल त्या प्लेटांना हे चालतं. पण त्या पेटीत कलोडियनच्या, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या थराच्या, त्याहून जुन्या प्लेटाही होत्या, आणि हा फरक ओळखणारं त्या दुपारी खोलीत कुणीच नव्हतं. बोळा जरा जास्त भिजलेला होता, अल्कोहोल कडेवरून पलीकडे उतरलं आणि वार्निशसकट थर विरघळला. फोटोत बसलेल्या बाईचा डावा गाल आणि कान गेला. ती मुलगी तिथेच रडायला लागली. वरिष्ठांनी तिला समजावलं, ‘असू दे, आपल्याकडे स्कॅन आहे.’ स्कॅन नव्हता.

विद्यार्थी नकोत असं मी म्हणत नाही. शिकवायला माणूस आणि वेळ असेल तरच त्यांना बोलवा. अनुशेष उपसायला बोलावलंत तर तुम्ही फोटोही घालवाल आणि त्या मुलांचा या कामावरचा जीवही.

ऊनसावली

तो लेख माझा नव्हता, पण वाहवा करणाऱ्यांत मी होतो. अजूनही त्याच मताचा आहे.

तुमची एक प्लेट गेली, वाईट झालं. पण कपाटात बंद राहून रोज किती जातात, ते कोण मोजतं? असिटेट या प्लॅस्टिकच्या जुन्या फिल्मला एकदा व्हिनेगरचा वास सुटला की निघालेलं आम्लच पुढची झीज वाढवतं, आणि शेजारच्या डब्यांनाही त्याची झळ लागते. तुमच्या ‘आधी शिकवायला माणूस मिळू दे’साठी ती थांबत नाही. त्याहून जुन्या नायट्रेट फिल्मचं तर बोलायलाच नको. ती फिल्म चिकट होते, मग तिची तपकिरी भुकटी होते.

१९६६च्या नोव्हेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्सला पूर आला तेव्हा राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातून पुस्तकं कुणी काढली? देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी. चिखलातले देवदूत म्हणून जग त्यांना आजही ओळखतं. २०११च्या सुनामीनंतर जपानमध्ये चिखलात सापडलेले लाखो घरगुती फोटो कुणी धुतले? साध्या स्वयंसेवकांनी. ओल्या जिलेटीनवर जिवाणू वाढतात आणि रंगांचा नुसता लगदा होतो. तिथे पदवी विचारत बसले असते तर एका तरी आईला आपल्या लेकराचा फोटो परत मिळाला असता का?

काचपट्टी

फ्लॉरेन्सचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या. ओल्या पुस्तकांवर लाकडाचा भुसा टाकला होता. हेतू चांगला होता, पण तो पानांत असा बसला की काढता काढता पुरेवाट झाली. खरं काम पुढची कित्येक वर्षं चाललं, आणि ते पीटर वॉटर्ससारख्या पुस्तकबांधणीतल्या जाणत्या माणसांनी लोकांना हाताशी धरून, शिकवत शिकवत केलं. या क्षेत्राने पुरातून जो धडा घेतला तो हाच.

शिवाय पूर ही आणीबाणी असते. तुमच्या कपाटात पूर आलेला नाही. जपानचे फोटो हाताबाहेर चाललेले होते, माझी प्लेट दीडशे वर्षं धडधाकट होती.

तिसरं_सत्र

तुम्ही दोघं आमच्याबद्दल बोलताय, म्हणून मी लिहिते. गेल्या वर्षी मी अशाच एका करारातून आठ आठवडे गेले होते. कागदावर ‘छायाचित्र जतनाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण’. प्रत्यक्षात पहिले पाच आठवडे नोंदवहीतले दाखल क्रमांक संगणकावर चढवले. सहाव्या आठवड्यात एक अल्ब्युमेन प्रिंट (अंड्यातल्या पांढऱ्याच्या थरावर छापलेला जुना फोटो) हातात मिळाली, तीही दहा मिनिटं, कारण पाहुणे आले होते आणि आमचे फोटो काढायचे होते. विद्यावेतन शून्य. जाण्यायेण्याचा खर्च माझा. माझ्या वर्गातल्या दोघी हुशार मुली पैशाअभावी आल्याच नाहीत. म्हणजे हे शिक्षणही ज्यांच्या घरी सोय आहे त्यांनाच.

ऊनसावली, तुम्ही ज्याला सेवाभाव म्हणता त्यात माझं भाडं थकलं. काचपट्टी, तुम्ही ज्याला धोका म्हणता तो पत्करायची संधीच आम्हाला कुणी देत नाही. फोटोला हात न लावता फोटो जपायला शिकायचं तरी कसं?

ऊनसावली

पैशाचं मान्य. त्यावर वाद घालणार नाही. पण नोंदी चढवणं हेही कामच आहे. ज्याची नोंद नाही तो फोटो असून नसल्यासारखा.

तिसरं_सत्र

काम आहेच. मग त्याला प्रशिक्षण म्हणू नका आणि फुकट करून घेऊ नका.

निवृत्त_लॅबवाला

मी चाळीस वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली, म्हणून चार शब्द. विद्यार्थी नुकसान करतात आणि तज्ज्ञ करत नाहीत हा समज आधी काढून टाका. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचे अगदी सुरुवातीचे फोटो. त्यांवरचा काळपटपणा घालवायला थायोयुरिया या रसायनाचं द्रावण वापरायचे. नवशिक्यांनी नव्हे, नावाजलेल्या लोकांनी, वर्षानुवर्षं. प्लेट लखलखीत व्हायची आणि पुढे त्याच चांदीवर ठिपके आणि डाग उमटायचे, कारण पृष्ठभागच खाल्लेला असायचा. २००५ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात साउथवर्थ आणि हॉज या एकोणिसाव्या शतकातल्या बोस्टनच्या फोटोग्राफरांच्या डॅगेरोटाइपांवर प्रदर्शन चालू असतानाच पांढरट धुकं चढलं. तिथे कुणी विद्यार्थी बोळा घेऊन उभा नव्हता. भोवती जाणकारांची फौज होती.

मुलांना कामाला लावा, चुकू द्या. मात्र एक काम त्यांच्याकडून आधी करून घ्या: जुने अल्बम मोडा. काळ्या पानांचा कागद निकृष्ट, डिंक त्याहून वाईट. फोटो सोडवायचे, प्रत्येकाला वेगळं पॉलिएस्टरचं पाकीट, विषयवार लावायचे. हात बसायला याहून चांगलं काम नाही.

पानोपानी

मी इथे कधी लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही. अल्बम मोडा?

माझ्या आत्याचा अल्बम तिच्या मागे आम्ही एका संस्थेला दिला. तीस-चाळीस काळी पानं, पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी. एका पानावर फोटो अडकवायचे चार कोपरे चिकटवलेले, मधे फोटो नाही, आणि खाली तिच्या अक्षरात फक्त एक तारीख. तो फोटो तिने स्वतः काढून टाकला होता. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोललं नाही. तिच्या आयुष्याबद्दल सगळ्यात जास्त सांगणारं पान तेच होतं.

दोन वर्षांनी बघायला गेले. प्रशिक्षण शिबिरात मुलांनी अल्बम सोडवला होता. फोटो ‘विवाह’, ‘प्रवास’, ‘व्यक्ती’ अशा खोक्यांत. पानं टाकून दिलेली. ते रिकामं पान तर कुणी फोटो समजणारच नव्हतं! मला अभिमानाने दाखवत होते, बघा किती छान पाकिटं.

निवृत्त_लॅबवाला

तुमच्या आत्यांबद्दल आदर ठेवून सांगतो, भावनेने फोटोतली चांदी टिकत नाही. पान आम्लाचं असेल तर फोटो पिवळा पडणार.

पानोपानी

भावना नाही ही, पुरावा आहे. पानांच्या मधे पातळ, आम्लरहित कागद घालता येतो. अल्बम त्याच्या मापाच्या खोक्यात आडवा ठेवता येतो. तुम्ही चाळीस वर्षं फोटो धुतलेत, म्हणून तुम्हाला अल्बम म्हणजे नुसती फोटोंची पिशवी वाटते.

ऊनसावली

पण चिकट पानांचे अल्बम? ते पारदर्शक प्लॅस्टिक उचलून खाली फोटो दाबायचा प्रकार. त्याच्या गोंदाच्या रेघा फोटोच्या पाठीतून पुढे उमटतात आणि वरचं प्लॅस्टिक प्रिंटला चिकटून बसतं. माझ्या आईचे असे तीन अल्बम होते. न मोडता ठेवले, आता अर्धे फोटो सुटतच नाहीत. तेव्हा दात साफ करायचा दोरा पाठीमागून सरकवून सोडवले असते तर वाचले असते. लॅबवाल्यांचं बरोबर आहे.

पानोपानी

चिकट पानांचं तुमचं खरं. ते मोडायलाच हवेत. पण त्यांचं औषध काळ्या पानांना लावू नका.

निवृत्त_लॅबवाला

काळी पानंही सगळी सारखी नसतात. काही हात लावताच तुकडे होऊन पडतात. त्यांचं काय करणार? पूजा?

काचपट्टी

जरा थांबा दोघंही, शब्द जपून वापरा. आणि लॅबवाले, ‘पानं टाकून दिली’ याला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्या लॅबमध्ये मूळ पाकिटावरची नोंद कुणी फाडून टाकली असती तर तुम्ही त्याला दारात उभं केलं असतंत का?

निवृत्त_लॅबवाला

नसतं केलं.

ठीक आहे. सोडवण्याआधी प्रत्येक पानाचा अख्खा फोटो काढायचा, पान आणि फोटो दोन्हीला एकच क्रमांक द्यायचा, रिकाम्या जागेलाही द्यायचा, आणि पानं ठेवायची. इतपत मान्य. पण तुकडे होणारं पान मोडावंच लागेल, यावरून मी हलणार नाही. आणि पूजेचं बोललो ते मागे घेतो.

पानोपानी

रिकाम्या जागेला क्रमांक. एवढं कुणी केलं असतं तर मी इथे लिहिलंच नसतं.

तिसरं_सत्र

मूळ प्रश्न अल्बममध्ये हरवला, तरी याच भांडणात मला उत्तर दिसतंय. पानोपानींच्या आत्यांचा अल्बम मुलांनी मोडला, पण ‘सोडवा’ हे कुणीतरी मोठ्याने सांगितलं होतं. ‘का सोडवायचं’ हे विचारायची मुभा आम्हाला नसते. मला त्या आठ आठवड्यांत कुणी असा वाद ऐकवला असता तर जास्त शिकले असते.

ऊनसावली

चांगले करारही आहेत, तेही बघा. २०११ साली बैरुतमध्ये अरब जगातले जुने फोटो जपणारं अरब इमेज फाउंडेशन, डेलावेअर विद्यापीठ, मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट यांनी मिळून फोटोजतनाचे वर्ग सुरू केले. तिथे मुख्यतः बोलावले ते आधीच संग्रह सांभाळणारे लोक. ते शिकले आणि आपापल्या कपाटांकडे परत गेले. २०२०च्या बंदरातल्या स्फोटात त्याच फाउंडेशनच्या जागेचं नुकसान झालं. अशा दिवशी आसपास शिकलेले चार हात असणं म्हणजे काय, विचार करा.

काचपट्टी

हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, तुमच्या नाही. तिथे शिकवणारे आधी उभे केले, अनुशेष नंतर. आणि शिकलेला माणूस त्याच संग्रहाकडे परत जातो. आपल्याकडच्या करारांत मुलगा सत्र संपलं की निघून जातो, आणि त्याने कोणत्या पेटीत काय केलं हे पुढच्याला कळत नाही. माझ्या त्या प्लेटेची नोंदही कुठे नाही. मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे, तेवढीच.

ऊनसावली

बरं, तुमच्या बाजूचं म्हणा. पण शिकवणारा मिळेपर्यंत मुलांना दाराबाहेर ठेवायचं, हे मी कबूल करणार नाही. विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून करता येतील अशी कामं आहेत: धुळीची पाकिटं बदलणं, धड काचा लांब कडेवर उभ्या आणि फुटलेल्या आडव्या ठेवणं, खोलीतलं तापमान आणि दमटपणा रोज लिहिणं, फिल्मच्या डब्यांत आम्ल सुटलं की रंग बदलणारी पट्टी ठेवून तिचा रंग बघणं. यात बोळा नाही, अल्कोहोल नाही.

काचपट्टी

याला माझी हरकत नाही. आजवर ही यादी मला कुणी कराराच्या कागदावर दाखवलेली नाही, पण हरकत नाही. दोन अटी. फुटलेली काच हाताळताना समोर जाणता माणूस हवा. आणि जे केलं ते त्या मुलाच्या नावानिशी नोंदवहीत लिहायचं, चूक झाली तर तीही. नावामागे शिक्षा नको, पण पुढच्याला कळलं पाहिजे.

तिसरं_सत्र

पट्टीचं निघालं म्हणून. आठव्या आठवड्यात मी स्वतःहून फिल्मच्या अकरा डब्यांत अशा पट्ट्या ठेवल्या होत्या. आठ निळ्याच राहिल्या, दोन हिरव्या झाल्या, एक पूर्ण पिवळी, म्हणजे त्या डब्यातली फिल्म बरीच सडलेली. त्या पिवळ्या डब्याचा क्रमांक मी मेलने कळवला, तो डबा वेगळा करून थंड जागी हलवा आणि आधी त्याची प्रत काढा असं लिहिलं. दहा महिने झाले, उत्तर नाही. काचपट्टी, तुम्ही तिथल्या कुणाला ओळखत असाल तर संस्थेचं नाव आणि डब्याचा क्रमांक तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.

काचपट्टी

आत्ताच पाठवा. सकाळी फोन करते.