बाहेरून घरच्या पीसीला वायरगार्ड लागतच नाही, पोर्ट फॉरवर्ड करूनही

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, घर सांगलीला, नोकरी पुण्यात. दुकानाचा सगळा हिशोब घरच्या डेस्कटॉपवर आहे, विंडोज ११ प्रो, आणि वडिलांचा दर दोन दिवसांनी फोन की अमुक बिल सापडत नाही, म्हणून बाहेरून जोडता यावं यासाठी त्यावर वायरगार्ड (व्हीपीएन) टाकलं. राउटरमध्ये ५१८२० पोर्ट यूडीपी फॉरवर्ड केलाय, म्हणजे बाहेरून त्यावर आलेलं थेट पीसीकडे जावं, पीसीचा आयपी फिक्स केलाय, विंडोज फायरवॉलमध्येही रूल टाकलाय. घरच्या वायफायवर असताना एंडपॉइंटला पीसीचा लोकल आयपी दिला की लॅपटॉपवरून लगेच लागतं, पण पुण्यातून पब्लिक आयपी टाकून केलं की हँडशेकच (सुरुवातीची जोडणी) होत नाही, नुसतं पाठवलेला डेटा वाढतो, आलेला शून्य. पोर्ट चेक करायच्या साइटवर पण क्लोज्ड दाखवतंय. लोकल फायबर आहे, कस्टमर केअरवाला म्हणतो राउटर रीस्टार्ट करा 🙄

लिनक्सबुवा:
ती पोर्ट चेकवाली साइट आधी विसरा, त्या बहुतेक टीसीपी बघतात आणि वायरगार्ड यूडीपीवर, म्हणजे डेटा पाठवायच्या दुसऱ्याच पद्धतीवर चालतं, वर ओळखीची की (किल्ली) नसेल तर ते उत्तरच देत नाही, मुद्दामच तसं बनवलंय. राउटरच्या स्टेटस पेजवर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय दिसतो ते सांगा, आणि घरच्याच नेटवरून गुगलवर माय आयपी टाकल्यावर काय येतो तेही. दोन्ही सेम आहेत का?

कृष्णाकाठ:
वडिलांना फोनवर सांगून बघायला लावलं. राउटरमध्ये १००.७२ ने सुरू होणारा आहे, गुगलवर १०३ वाला. वेगळे आहेत.

लिनक्सबुवा:
मग संपलं, सीजी-नॅट आहे, म्हणजे प्रोव्हायडरने स्वतःकडेच लावलेलं नॅट, एका पत्त्यामागे अनेकजण. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची रेंज त्यासाठीच राखून ठेवलीये. आयपीव्ही४ पत्ते पुरत नाहीत म्हणून प्रोव्हायडर बऱ्याच गिऱ्हाइकांना एकाच पब्लिक आयपीमागे बसवतो. म्हणजे अख्ख्या सोसायटीला एकच पत्ता आणि गेटवरच्या वॉचमनला तुमचा फ्लॅट माहीतच नाही, तुम्ही आतून दार कितीही उघडं ठेवा. पोर्ट फॉरवर्ड त्यांच्या बॉक्सवर करावा लागेल, आणि तो तुमच्या हातात नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पब्लिक पत्ता) मागा, महिन्याला जास्तीचे पैसे घेतील.

केबलवाला_मिरज:
पैसे द्यायच्या आधी आयपीव्ही६ (भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत) मिळतंय का बघा की. तिथे नॅटची भानगडच नसते, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये पोर्ट उघडला आणि एंडपॉइंटला तो पत्ता चौकोनी कंसात टाकला की झालं. अडचण एकच, तुमच्या बाजूला पण आयपीव्ही६ पाहिजे, मोबाईल डेटावर बहुतेक असतं, ऑफिसच्या वायफायवर बहुतेक नसतं. आणि पत्ता बदलत राहतो त्यामुळे डीडीएनएस (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव) लावा.

निवांत_माणूस:
एवढं कशाला, टेलस्केल टाका दोन्हीकडे. आत वायरगार्डच आहे, नॅटमधून वाट ते स्वतः काढतं, नाहीच जमलं तर त्यांच्या रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) जातं, थोडं स्लो होतं इतकंच. एकाच अकाउंटने लॉगिन करायचं, पोर्टबिर्ट काही नाही. ज्यांना तिसऱ्या कंपनीवर अवलंबून राहायचं नाही त्यांनी छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घ्यावा, घरचा पीसी त्यालाच बाहेर कनेक्ट करून ठेवायचा, पण मग पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ (दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवायची सेटिंग) घरच्या पीसीवर टाका, लॅपटॉपवर नाही, नाहीतर थोड्या वेळाने वाट बंद होते आणि परत इथेच प्रश्न विचारायला याल 😄

कृष्णाकाठ:
टेलस्केल टाकलं, कनेक्ट झालं! पिंग पण जातंय. पण रिमोट डेस्कटॉप उघडला की कधी चालतं कधी काळा स्क्रीन येऊन अडकतं, आणि रात्री तर पीसी ऑफलाइनच दिसतो.

लिनक्सबुवा:
रात्रीचं सोपं आहे, पीसी स्लीपला जातोय, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा. मॉनिटर बंद झाला तरी चालेल. काळा स्क्रीन आला की टेलस्केल पिंग ही कमांड देऊन बघा, डायरेक्ट आहे की डर्प लिहून येतंय. डर्प असेल तर रिलेवरून चाललंय, मग रिमोट डेस्कटॉपमध्ये रंग आणि रिझोल्यूशन कमी करा. डायरेक्ट असूनही अडकत असेल तर मोबाईल हॉटस्पॉटवरून करून बघा, म्हणजे भानगड पुण्याच्या वायफायची की सांगलीच्या लाइनची ते कळेल.

कृष्णाकाठ:
डर्पच येतंय ऑफिसच्या वायफायवर. हॉटस्पॉटवर डायरेक्ट आलं आणि मस्त चाललं. स्लीपचं आज रात्री वडिलांकडून करून घेतो.