हयातीचा दाखला, समग्र, आधार: तुमचा भरवसा बसला का?

रामबागकर: नोव्हेंबर लागला की आईच्या हयातीच्या दाखल्याची आठवण येते. पूर्वी बँकेतले साहेब चेहरा बघून "काय आजी, बऱ्या ना?" विचारायचे. सही केली की झालं. २०१४ मध्ये जीवन प्रमाण, म्हणजे आधारवर ओळख पटवून मिळणारा डिजिटल दाखला, आलं. मशीनवर आईचं बोट उमटेचना. जन्मभर भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. काउंटरवरचा मुलगा बोट पुसून पुसून दमला. आई म्हणाली, "अरे बाळा, मी समोर उभी आहे ना!" तो तरी काय करणार? आता फोनवर चेहरा दाखवून होतं, पण तिला छापील कागद हातात लागतोच. तुमचेही अनुभव लिहा.

अवंतीकाकू: केंद्राचं पेन्शन आणि वय ८० च्या वर असेल तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. गर्दी टळते.

सुदामानगर_इंदूर: आमच्या घरकामाच्या मावशींचं लाडली बहनाचं (मध्य प्रदेश सरकारची बायकांना दरमहा पैसे देणारी योजना) सांगते. समग्रमधल्या (राज्य सरकारची कुटुंबांची नोंद) नावात एक मात्रा वेगळी, ई-केवायसी अडकली. कियोस्कवाला म्हणे आधार सुधारा, आधारवाला म्हणे समग्र सुधारा. प्रत्येक खेपेला घरकामाचा खाडा, पगार कापलेला. हक्काचे पैसे आणि "मीच ती" हे तिनेच सिद्ध करत फिरायचं? फार संताप येतो.

भियाजी: समग्र म्हणजे तो ९ आकडी नंबर ना? पुण्याच्या ताईला हे माहीतच नाही, आपल्या एमपीतलंच आहे. कुकर लावलाय, नंतर लिहितो.

जेलरोडची: माझा अनुभव चांगला आहे. मुलाच्या मूल निवासी (रहिवासी) दाखल्यासाठी लोक सेवा केंद्रात अर्ज दिला, पावतीवर तारीख छापून मिळाली. सेवा वेळेत देण्याचा एमपीचा २०१० चा कायदा आहे, उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त ५,०००. दाखला तारखेच्या आत आला. भरवसा बसला तो त्या छापील तारखेमुळे. मावशींच्या हातात अशी पावती असती तर?

सुदामानगर_इंदूर: तेच तर! त्यांना सगळे तोंडीच सांगत होते.

नवीनसून: चेहऱ्यासाठी वेगळं ॲप लागतं का? सासऱ्यांचं करायचंय.

रामबागकर: हो, आधी आधार फेस आरडी, मग जीवन प्रमाण. खिडकीजवळ उजेडात बसवा.

अवंतीकाकू: जेलरोडची, तू भजनी मंडळात यायचीस का गं?

जेलरोडची: हो काकू! गुरुवारी भेटू.