मदत हवी आहे: १,१२६ रुपयांची जुनी दारिद्र्यरेषा नव्या खर्चाला लावायची कशी?

पुणे जिल्ह्याच्या शहरी भागावर धोरण-टिपण करतोय. २०११-१२ची तेंडुलकर रेषा (तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेली दारिद्र्यरेषा; महाराष्ट्र शहरी, दरडोई दरमहा १,१२६ रुपये) महागाई निर्देशांकाने वाढवून २०२२-२३च्या घरगुती खर्च सर्वेक्षणाला लावली. गरिबी संशय यावा इतकी कमी आली. कारण उघड आहे: रेषा बेतली तेव्हा तेल, भाजी, अंडी यांचा ३० दिवसांचा खर्च विचारत, आता ७ दिवसांचा, तोही तीन फेऱ्यांत. त्यामुळे खर्चाची नोंद फुगते. मल्टिप्लायर (नमुन्यातलं घर किती घरांसाठी मोजायचं ते भार) लावलेत, फुकट रेशनची किंमत धरलेली नाही.

२०११-१२च्या सर्वेक्षणात दोन प्रश्नावल्या होत्या: टाइप १मध्ये या वस्तूंचा ३० दिवसांचा खर्च, टाइप २मध्ये ७ दिवसांचा. टाइप २ची फाइल हाताशी आहे. टाइप १मधलं गरिबांचं प्रमाण टाइप २मध्ये ज्या खर्चावर येतं, तीच रेषा पुढे वाढवावी का? आणि जिल्ह्याचा नमुना इतका तोकडा असताना आकडा द्यावा, की विभागापाशीच (सर्वेक्षणातला अनेक जिल्ह्यांचा गट) थांबावं?